रापणीचा वाटा

त्या गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. आधीच तिथे फार माणसं जातात. शनिवारी सकाळी आमच्या पेठेतून गगनबावड्याच्या रस्त्याला लागणाऱ्या गाड्या मी वरच्या गॅलरीतून बघते. टपावर बॅगा, खिडकीतून बाहेर आलेले पाय, आत मोठमोठ्यानं गाणी. ही सगळी माणसं दुपारी समुद्रात असणार, या विचारानं मी अजून आतल्या आत जळते. सून म्हणते, "आई, तुम्हाला जायचं असलं तर आपण पण जाऊ की, त्यात काय?" तिला काय सांगायचं? मला नुसतं जायचं नाहीये, त्यांनी तिकडे जायला नको आहे. साठीला आलेल्या बाईनं असं बोलू नये, हे मला कळतं. पण एवढी वर्षं मनात ठेवून मग लिहायला बसायचं आणि तिथेही शहाण्यासारखं लिहायचं, तर लिहायचंच कशाला?

आमच्या घरी समुद्र यायचा तो आबांच्या ट्रकमधून. आबा म्हणजे माझे वडील. ते गुळाच्या ढेपा भरून घाट उतरायचे आणि येताना मासळीच्या पेट्या, नारळ, हंगामात आंबा घेऊन वर यायचे. गल्लीच्या तोंडाशी ट्रक वळला की आधी हॉर्न, मग ब्रेकचा आवाज, मग फाळका धाडकन पडायचा आणि त्याच्या मागोमाग वास यायचा. बर्फाचं पाणी रस्त्यावर ठिबकत असायचं आणि पेठेतली झाडून सगळी मांजरं आमच्या दारात जमायची. आई पदर नाकाला लावून बाहेर यायची आणि म्हणायची, "आला बघा तुमचा समिंदर. आधी त्याला रस्त्यावर धुवा, मग घरात आणा." पण रांधायची मात्र मन लावून. तिला माशाचं एकच कालवण यायचं, ते म्हणजे मटणाचं. कांदा भाजून, खोबरं भाजून, वर्षाच्या बरणीतलं कांदा-लसूण तिखट सढळ हातानं घालून ती बांगड्याचा लालभडक रस्सा करायची. कानातून वाफा येतील असा. आबा दोन भाकऱ्या मुकाट्यानं खायचे आणि तिसऱ्या भाकरीला हमखास म्हणायचे, "आक्काच्या हातचं येगळंच लागतंय बघ." असं म्हटलं, की आई परात आपटायची. "मग ऱ्हावा की तिकडंच. समिंदराचं एवढं काय कवतिक? आमच्या रंकाळ्याला काय पानी न्हाय?"

जळायचा गुण मला आईकडून आला, हे उघड आहे.

आक्का म्हणजे आबांची थोरली बहीण, माझी आत्या. ती नर्स झाली, सरकारी दवाखान्यात तिची नेमणूक झाली ती थेट मालवणच्या बाजूला, समुद्राकाठच्या एका वाडीत. तिथल्याच तांडेलाशी तिनं लग्न केलं. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. आजोबांनी जे तोंड फिरवलं ते मरेपर्यंत. तिच्याकडे जायचे ते एकटे आबा, ट्रकचं निमित्त करून, आणि शाळेला सुट्टी असली की ट्रकच्या केबिनमध्ये त्यांच्या शेजारी बसून मी. घाटाच्या टोकावर आबा गाडी थांबवून टायर बघायचे, मी खाली उतरून हवेचा वास घ्यायचे. कोल्हापूरच्या थंडीतून निघालेले आम्ही घाट उतरलो की अंगातले स्वेटर एकेक करून सुटायचे, मग फणसाची झाडं, चिऱ्यांच्या भिंती, आणि शेवटी सुरूच्या झाडांमधून समुद्र एकदम दिसायचा. दर वेळी मला आधी आनंद व्हायचा आणि लगेच राग यायचा, कारण त्याच्यासमोर नंदा उभी असायची.

नंदा ही आत्याची मुलगी, माझ्याच वयाची. सावळी, काटक, केसांना कायम वाळू. आम्ही आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतो, तर मामांची रापण होती. एकट्याची नाही, सगळ्या वाडीची. ज्यांनी कधी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: पहाटे होडी मोठं जाळं घेऊन पाण्यात जाते, अर्धवर्तुळ करून ते सोडत परत येते, आणि जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात. मग सगळी वाडी दोन रांगांत उभी राहून ते दोर ओढते. बायका, म्हातारे, शाळेत जाणारी मुलं, कोणीही. मागं सरकत सरकत ओढायचं, रांगेच्या शेवटी पोचलं की दोर सोडून पाण्याकडे पळायचं आणि पुढून पुन्हा धरायचा. जाळं काठाला आलं की वाळूवर मासळीचा ढीग पडतो आणि मामा वाटे घालतात. नियम एकच होता, दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा. जोर किती लावला हे कोणी विचारत नसे. आणि त्याचाच दुसरा भाग असा, की पाहुण्यानं दोराला हात लावायचा नाही. पाहुणा घरात जेवतो. दोर धरला म्हणजे तो हक्क सांगतो.

तेव्हा मी उपड्या घातलेल्या होडीवर बसून बघायचे. सकाळच्या उन्हात नंदा ओढतेय, तिच्या मागची म्हातारी तिला काहीतरी चावट बोलतेय, दोघी हसतायत, मला एक अक्षर कळत नाहीये. मग ती आपला वाटा टोपलीत घालून माझ्यासमोरून घरी जायची, मुद्दाम हळूहळू, असं मला वाटायचं. आत्या ओल्या खोबऱ्याचं आणि तिरफळाचं कालवण करायची, त्यानं जीभ थोडीशी बधिर व्हायची, भात किती पोटात गेला ते कळायचं नाही. आणि आबा, माझे आबा, माझ्यासमोर म्हणायचे, "आज नंदाच्या वाट्याचं बांगडं हाईत. बघ मंगल, तुझ्याएवढीच हाय, पर घरात आणून घालती." मला तो घास गिळवायचा नाही. घरी मी गणितात पहिली यायचे, त्याचं आबांनी एकदाही कुणाजवळ नाव काढलं नव्हतं.

मॅट्रिकच्या वर्षी, मला पण दोर ओढायचाय म्हणून मी रडले. सगळ्यांदेखत, किनाऱ्यावर. मामा हसले आणि वाडीकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "फुडल्या दिवाळेक हिचो हात दोराक लागांदे. पावणी किती वर्सां रवतली?" बायका हसल्या, माना हलवल्या, म्हणजे ठरलं. ते वर्ष मी कसं काढलं ते मला विचारा. परसातल्या आडाला रहाट असताना मी नुसत्या हातानं पोहरा ओढायचे, तळहाताला घट्टे पडावेत म्हणून. आई म्हणायची, "काय पैलवान हुनार हाईस व्हय? सासरी काय खड्ड्यातनं बैल काढायचाय?" मी तिला कारण सांगितलं नाही. ती आत्याच्या नावानं पुन्हा परात आपटली असती.

त्याच वर्षी तिकडे बंदरावर बर्फाचा कारखाना निघाला आणि ट्रॉलर वाढले. आबा खुशीत होते. पूर्वी ट्रक अर्धा भरायला दोन दिवस थांबावं लागायचं, आता बंदरावर गेलं की तासाभरात पेट्या चढत. त्यांनी दुसरा ट्रक घेतला. आमच्या घरावर मजला चढला तो त्याच मासळीवर, आणि ज्या गॅलरीतून मी आज गाड्या बघत बसते ती गॅलरीही त्याच मासळीची, हे मी विसरलेले नाही. आत्याच्या वाडीतली तरुण मुलं एकेक करून ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेली. ट्रॉलर काठाच्या इतक्या जवळ येऊन खरवडून न्यायचे, की रापणीला येणारी मासळी वाटेतच संपायची. आत्या एकदा आबांना म्हणाली, "अरं, तुज्या गाडीत जातंय ते आमच्याच दारातलं हाय, कळतंय न्हवं तुला?" आबा म्हणाले, "मी न्हाय नेलं तर दुसरा नेईल की आक्का." आणि चहाचा कप खाली ठेवून ट्रकचं तेल बघायला गेले.

दिवाळी आली. पाडव्याच्या सकाळी मी ओढणी कमरेला बांधून किनाऱ्यावर उभी होते. माणसं नेहमीपेक्षा कमी, त्यामुळे मामांनी मला थेट नंदाच्या मागे उभं केलं. होडी जाळं सोडून परत येत होती. दोराचं टोक अजून माझ्यापर्यंत पोचायचं होतं, तेवढ्यात सुरूच्या झाडांमागून ओळखीचा हॉर्न वाजला. एक मेटाडोर, तिच्या मागे दुसरी. आणि त्यातून उतरली ती आमची पेठ! खालच्या तालमीची पोरं एका गाडीत, वरच्या तालमीची दुसऱ्या गाडीत. आबांनी कट्ट्यावर बसून रापणीची अशी काही वर्णनं केली होती की दोन्ही तालमींनी मिळून सहल काढली होती. पुढे तात्या पैलवान, खालच्या तालमीचे वस्ताद, पांढरं बनियन, गळ्यात चेन. "काय पावणं!" ते मामांना म्हणाले, "ह्येच काय ते रापान? आमच्या पोरांस्नी जरा हात लावू द्या की. रस्सीखेचीत जिल्ह्यात कोन हात धरत न्हाय त्यांचा!"

मामा संकोची माणूस. त्यात बायकोच्या माहेरचे पाहुणे, त्यात दोराला माणसं कमी. ते बरं म्हणाले. पोरं धावली. माझ्या पुढ्यात एक पोरगं येऊन उभं राहिलं, मला ओळखून हसलं, "आगं, ही तर आबांची मंगल!" आणि दोर घेतला. मी मागं वळून आबांकडे बघितलं. आबा हात कमरेवर ठेवून कौतुकानं सगळं बघत होते. म्हणाले, "मंगे, सर जरा बाजूला. पोरांस्नी हौस हाय."

मी सरले. ज्या जागेसाठी मी वर्षभर पोहरे ओढले तिथे आमच्याच गल्लीतला, आमच्या दारात गोट्या खेळलेला पोरगा पाय रोवून उभा होता, आणि त्याला ती जागा मिळायला गाडीतून उतरण्यापलीकडे काही करावं लागलं नव्हतं. मला त्याचे डोळे ओरबाडावेसे वाटले.

पुढे जे झालं ते कोल्हापूरकरांखेरीज कोणाच्या हातून झालं नसतं. दोर दोन, तालमी दोन. कोणी ठरवलं नाही, कोणी बोललं नाही, पण उजवा दोर खालच्या तालमीनं धरला आणि डावा वरच्या. आणि तात्या पैलवानांनी आरोळी दिली, "ओढा रं! वरच्यांच्या आदी आणायचं!" झालं. टाचा वाळूत रुतल्या, मांड्या फुगल्या, "सोडू नगा!", "घ्या की लेकानू!" असा गदारोळ उठला. मामा पाण्याच्या कडेनं इकडून तिकडे धावत ओरडत होते, "हळू, हळू! दोनय दोर बराबर येवक व्हये!" रापण अशी ओढायचीच नसते. दोन्ही बाजू सारख्या आल्या तरच जाळं सरळ येतं. पण मामांची भाषा एकालाही कळली नाही, आणि कळली असती तरी त्या आवाजात ऐकली कोणी असती? वाडीच्या माणसांनी आपले हात काढून घेतले. नंदा दोर सोडून पाण्यात शिरली, कमरेइतक्या पाण्यात उभी राहून दोन्ही हात वर करून नाही नाही म्हणत राहिली. आमच्या पोरांना वाटलं, ती त्यांना चेव देतेय.

उजवा दोर झपाझपा येत गेला. जाळं तिरपं झालं आणि उत्तरेच्या बाजूला पाण्याखाली जे खडप आहे, काळ्या खडकांची रांग, त्यात जाऊन अडकलं. पोरांना वाटलं, डाव्या दोरावरच्यांनी जोर लावला. त्यांनी दुप्पट लावला. मोठं कापड फाटावं तसा आवाज किनाऱ्यापर्यंत आला. खालची तालीम दोरासकट उताणी पडली, मग दोराचं टोक हातात आलेलं बघून उठली आणि नाचायला लागली. "जिंकलो! जिंकलो!" कोणीतरी कोणालातरी खांद्यावर घेतलं. आबा टाळ्या वाजवत होते. मग त्यांची नजर मामांवर गेली आणि त्यांचे हात तसेच हवेत राहिले. मामा वाळूत बसले होते. वाडीची सगळी माणसं पाण्याकडे बघत उभी होती, आणि पाण्यात खडपाच्या पलीकडे मासळी चकाकत चकाकत आत निघून चालली होती.

फाटक्या जाळ्यात जे उरलं ते मामांनी वाळूवर ओतलं. लहानसा ढीग. ते उकिडवे बसले आणि रोजच्यासारखे वाटे घालायला लागले. पेठेतल्या पोरांचे धरून. तोवर काय झालंय ते तात्या पैलवानांच्या ध्यानात आलं होतं, त्यांचा चेहरा उतरला होता. "न्हाय पावणं," ते म्हणाले, "आमाला नको. तुमचं तुमी ठेवा. आमचं चुकलं." मामांनी मान वर न करता सांगितलं, "दोराक हात लागलो मा? मग वाटो घेवकच व्हयो. आज तुमी नको म्हणशात, उद्या आमच्यातलो कोण नको म्हणात. मग रापण कोणाची?" आत्यानं ते कोल्हापुरीत समजावलं. पोरं एकेक करून खाली मान घालून पुढे आली आणि प्रत्येकानं आपले दोन-तीन बांगडे उचलले. वाडीतल्या बायकांच्या टोपल्यांतही तेवढेच पडले, घरात खाणारी चार तोंडं असली तरी तेवढेच. माझा वाटा नव्हता. माझा हात दोराला लागलाच नव्हता.

मला लाज वाटायला हवी होती, आपल्या माणसांनी काय करून ठेवलं याची. ती नंतर वाटली, खूप वाटली. पण त्या घटकेला मी फक्त त्या पोरांच्या हातातल्या बांगड्यांकडे बघत होते. नंदानं आपल्या टोपलीतला एक काढून माझ्यापुढे धरला. "घे गो. माज्यातलो घे." मी नको म्हटलं. दिलेला वाटा कसला वाटा? दुपारी पोरांनी सुरूखाली चूल मांडून ते मासे भाजले. लाज किती वेळ पुरणार? संध्याकाळपर्यंत गाणी सुरू झाली, आणि गाड्या गेल्यावर बाटल्या तिथेच राहिल्या.

जाळं सांधायला लोक लागतात आणि लोक नव्हते. रापणीच्या जाळ्यात प्रत्येक घराचा आपला तुकडा असतो. मामांनी महिनाभर वाट बघितली, मग एकेका घरानं आपला तुकडा सोडवून नेला आणि मुलगे ट्रॉलरवर पाठवले. मामांचा तुकडा पडवीत टांगून राहिला. आमची पेठ मात्र पुन्हा गेली. पुढच्या वर्षी बायकामुलांना घेऊन, त्याच्या पुढच्या वर्षी पाहुण्यांना घेऊन. "काय जागा हाय राव!" असं एकानं दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. झोपायला जागा मागायचे, मामांनी आधी पडवी दिली, मग जाळी वाळत घालायच्या जागेवर दोन खोल्या बांधल्या, मग चार. नंदाचं लग्न झालं, नवरा घरीच राहायला आला, खोल्यांवर मजला चढला, न्हाणीघरांत फरशा आल्या. आमच्या आधी नंदाकडे वॉशिंग मशीन आलं, तर मी इथे तिच्यावर जळाले. खोटं नाही सांगत. तिच्या विहिरीचं पाणी खारट झालं आणि ती टँकरचं पाणी पिते, हे मला ठाऊक होतं, तरी जळाले. ती समुद्रासमोर बसून चहा पिते हा विचार माझ्या डोक्यातून जायचा नाही.

मागच्या थंडीत मी गेले, मुलगा-सून-नातवंडांबरोबर. मामा, आत्या, आबा, कोणी राहिलं नाही आता. किनाऱ्यावर हॉटेलांच्या भिंती पार भरतीच्या रेषेपर्यंत आल्यात, सुरू निम्मे तोडलेत, वाळूत डांबराच्या गोळ्या पायाला चिकटतात. नंदाच्या पाहुण्यांच्या ताटातली सुरमई दुसऱ्या बंदराहून बर्फातून येते, आणि कोंबड्या येतात त्या आमच्या कोल्हापुरातून. सकाळी नंदा पाहुण्यांना रापण दाखवते. लहानसं नायलॉनचं जाळं, दोन दोर, आणि दोन्हीकडे मोबाइल धरलेली माणसं. ती गळ्यात शिट्टी अडकवून मध्ये उभी राहते आणि आमच्या भाषेत ओरडते, "ओ पावणं, रस्सीखेच न्हाय ही! दोन्हीकडनं बराबर येऊ द्या की!" सगळे हसतात. सगळे तिला मावशी म्हणतात. मी काठावर उभी होते. ती आली, माझा दंड धरला, मला उजव्या दोरावर नेऊन उभं केलं आणि दोर माझ्या हातात दिला.

मी ओढला. गुडघे दुखत होते, तरी ओढला, शेवटी पोचल्यावर सोडून पुन्हा पुढे येऊन धरला, पूर्वी नंदाच्या मागे दोर ओढणाऱ्या त्या म्हातारीसारखा. जाळं काठाला आलं. प्लास्टिक, दोन जेलीफिश, पिशव्यांत गुंतलेली थोडी बारीक मासळी. लोकांनी फोटो काढले आणि नाश्त्याला गेले. नंदानं जाळं झटकून मासळी पुन्हा पाण्यात टाकायला घेतली. मी तिच्यापुढे हात पसरला. थट्टेनं नाही. तिला ते कळलं, तिनं उरलेली मासळी मुठीत धरली.

"वाटो आता नसता गो मंगल," ती म्हणाली. "कोणाकच नाय. माका पण नाय."

एवढं आयुष्य मी या बाईवर जळत आले. त्या सकाळी ती चिमूटभर मासळी मुठीत धरून माझ्यासमोर उभी होती आणि तिच्याजवळ जळण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. तिचा हात धरून मी तिथेच ओल्या वाळूत बसले आणि हमसून हमसून रडले.